चौदा सेकंदांचा रस्ता

१२ जानेवारी

चौदा सेकंद! तीनदा मोजले, तीनदा चौदाच. आमच्या बिल्डिंगसमोरच्या सिग्नलला हिरवा माणूस पेटतो, चौदा सेकंद चालतो आणि विझतो. मी झपाझप गेले तर नऊ सेकंदांत पलीकडे. वर्गातला आमचा खांब, उंचीमुळे हे नाव पडलेला, त्याच्या लांब ढांगांनी आठ. माझी मैत्रीण चिमणी बोलत बोलत जाते म्हणून बारा. आणि एक आजीबाई पिशवी घेऊन निघाल्या त्या अर्ध्यात असतानाच लाल! गाडीवाले असे कर्कश हॉर्न मारत होते जणू त्यांच्याच घरात शिरल्या बिचाऱ्या.

तर प्रोजेक्ट ठरला एकदाचा. आर्ट कॉलेजचं शेवटचं वर्ष, विषय ‘सार्वजनिक कला’. बाकीच्यांची भिंतींवरची चित्रं आहेत, एकाचं बाटल्यांचं झाड आहे. आम्ही फ्लॅश मॉब करणार. तीस जण. घोषणा नाहीत, फलक नाहीत. अचानक जमायचं, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने रस्ता ओलांडायचा आणि पांगायचं. लाल झालं तरी चाल बदलायची नाही. हाच निषेध!

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हातारा माणूस म्हणजे कोण? असा कोणी नसतो. एक माणूस आणा, त्याची चाल आणा.’ सरांचं पहिल्या वर्षापासून हेच. झाड काढू नका, ते झाड काढा.

कोणाची चाल, कोणाची चाल, करत घरी आले. दार उघडलं तर बाबा गॅलरीतून खोलीत येत होते. भिंतीला हात लावत. मी चपला काढायची विसरून बघत राहिले.

१३ जानेवारी

लिहून ठेवते, म्हणजे डोकं जरा रिकामं होईल.

बाबा बत्तीस वर्षं पोस्टमन. सायकल होती, पण वाटपाचा निम्मा बीट पायीच — ‘सायकलीवरून माणसं दिसत नाहीत’ म्हणायचे. गेल्या मे महिन्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात निम्मा आला, आवाज आला तो वेगळाच. जाड. शब्द घसरतात. आम्हाला सवय झाली आता. फोनवर मात्र बोलत नाहीत कोणाशीच, लाज वाटते.

आणि समोर, रस्त्यापलीकडे, बाइंडर काकांचं दुकान. जुनी पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं शिवतात. तीस वर्षं डिलिव्हरी संपली की बाबा दारातून ‘टपाल!’ अशी हाक द्यायचे आणि तिथे तासभर बसायचे. दोघं मिळून जगाला नावं ठेवायचे! मला लहानपणी वाटायचं काका आमच्याच घरातले आहेत, फक्त झोपायला तिकडे जातात.

ते काका आठ महिन्यांत एकदाही आले नाहीत.

दवाखान्यात नाही, घरी नाही. रोज दुकानाच्या दारात स्टूल टाकून इकडे तोंड करून बसतात. नोव्हेंबरात बाबांनी खिडकीतून हात केला. डावा, चांगला हात. किती वेळ वर धरला होता! काका बघत होते, आणि मग मान वळवून कामाला लागले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईला आणि मला शपथ घातली — ‘त्याच्या पायरीवर कोणी जायचं नाही. एकदा मीच जाईन. माझ्या पायांनी. आणि तोंडावर विचारीन, मी तुझं काय घोडं मारलं होतं?’

आई म्हणते, म्हातारपणी रुसवेफुगवे, कठीण आहे. पण मला बाबांचंच पटतं. मीही दुकानावरून जाताना तोंड फिरवून जाते. मुद्दाम! चांगलं दिसेल असं!

फक्त — विचारायला जायचं कसं? रस्ता चौदा सेकंदांचा आहे.

१७ जानेवारी

चार दिवस बाबांची चाल काढतेय. दाराआडून. त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते नीट चालायला जातील आणि सगळं बिघडेल — मॉडेलला कळलं की तो पोझ देतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय.

मोठ्या कागदावर तक्ता केला. वर सेकंद, खाली पाय. डावा — टेकला. उजवा — ओढ. थांबा. काठी. डावा. कुठे खांदा वर जातो, कुठे मान खाली. बावीस पावलं म्हणजे खोली ते गॅलरी. इतका सुंदर कागद मी तीन वर्षांत काढला नाही. खरं सांगते, काढताना डोळे भरून येत होते आणि हातही थांबत नव्हता. काय म्हणावं याला?

२० जानेवारी

कॉलेजच्या लांब व्हरांड्यात तालीम. भिंतीवर तक्ता चिकटवलेला. ‘डावा! ओढ! थांबा!’ — मी ओरडतेय आणि तीस जण चाललेत. खांब खुर्चीचा पाय मोडल्यासारखा चालतो. सगळे हसले. मीही हसले.

२४ जानेवारी

झालं!! आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी!

हिरवा माणूस पेटला आणि वर्तमानपत्र वाचणारा, फोनवर बोलणारी, बुटाची नाडी बांधणारा, सगळे एकदम निघाले. डावा. ओढ. थांबा. चौदा सेकंदांत आम्ही जेमतेम दुभाजकाजवळ. लाल! हॉर्नचा असा गदारोळ की कान फुटावेत. एक जण काच खाली करून म्हणाला, ‘नाटकं कसली करताय!’ पण कोणीही पळालं नाही. मला तिथेच त्या तिसांची पापी घ्यावीशी वाटली.

पलीकडे पोचलो आणि पांगलो. मला मात्र ट्रॅफिक हवालदाराने धरलं. पोट सुटलेला, शिट्टी गळ्यात.

‘परवानगी?’

‘रस्ता ओलांडायला परवानगी लागते का?’

‘इतका सावकाश ओलांडायला लागते!’

मग स्वतःच विचारात पडला. माझं नाव, कॉलेज लिहून घेतलं आणि सोडलं. बाइंडर काका दारातच बसले होते. मी नेहमीसारखी तोंड फिरवून निघून आले.

२५ जानेवारी

चिमणीने क्लिप टाकली. अकरा हजार जणांनी बघितली! अकरा हजार!!

२७ जानेवारी

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी बाबांना क्लिप दाखवली. ‘बघा, तुमची लेक किती गाजतेय!’

मी घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत. तक्ता मांडीवर. माझ्या खोलीतून काढून आणलेला. क्लिपमध्ये आधी तालमीचा तुकडा जोडलाय त्या मूर्ख मुलीने — खांब आणि आमचं हसणं.

बाबा काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘ही मी आहे ना?’ चाल म्हणजे. मी हो म्हटलं.

‘मी दाराबाहेर जात नाही ते कोणी बघू नये म्हणून. आणि तू अकरा हजारांना वाटून आलीस.’

मी त्यांच्या मांडीवरचा तक्ता उचलून गुंडाळला.

२८ जानेवारी

बाबा बोलत नाहीत. आज गॅलरीतही आले नाहीत. खोलीचं दार लोटून चालतात, आतल्या आत.

२९ जानेवारी

चिमणीला सांगून क्लिप काढून टाकली. तिने तासभर रडून घेतलं, मग मी.

आई शाळेच्या ऑफिसातून आली, पर्स ठेवली आणि माझ्या शेजारी पलंगावर बसली. ‘विचारलं असतंस तर ते नाहीच म्हणाले असते,’ म्हणाली. ‘तरी विचारायला हवं होतं गं.’ एवढंच. मग माझी वेणी सोडून परत घालत बसली. मी बावीस वर्षांची घोडी!

३० जानेवारी

माफी मागितली. पाय धरले चक्क. बाबा म्हणाले, ‘ऊठ, ऊठ, पाय आधीच अधू आहे, वजन टाकू नकोस.’ हसले नाहीत. पण बोलले!

प्रोजेक्ट सोडते म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

१ फेब्रुवारी

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहायचंय.

दुपारी बाबांनी हाक मारली. ‘ठमाबाई, तो तुझा कागद आण. आणि पेन्सिल.’ आणला. त्यांनी डाव्या हाताने, लहान मुलासारखी पेन्सिल धरून, माझं ‘ओढ’ खोडलं.

‘चुकीचं आहे हे. मी पाय ओढत नाही. तो येतो. उशिरा येतो, पण स्वतः येतो.’

‘आणि इथे तू थांबा लिहिलंयस. का थांबतो मी?’

‘दुखतं म्हणून?’

‘अजिबात नाही! उजव्याला विचारतो — झालं का तुझं? तो हो म्हणाला की डावा टाकतो. इतकी शिकलीस आणि दाराच्या फटीतून बघून चित्र काढतेस? समोर येऊन विचारायचं.’

मग आम्ही तक्ता पहिल्यापासून केला. दोन तास. बाबा चार पावलं टाकायचे, थांबायचे, सांगायचे, मी लिहायची. ‘ओढ’ गेलं, तिथे ‘येतोय’ आलं. ‘थांबा’ गेलं, तिथे ‘झालं का?’ आलं. मला वाटत होतं मला चित्र काढता येतं! माझा तो सुंदर कागद निव्वळ खोटा होता. घाम फुटला बाबांना, तरी बसेनात.

शेवटी म्हणाले, ‘त्या खांबाला घेऊन ये. फारच वाईट चालतो तो.’

५ फेब्रुवारी

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तालीम! रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर खडूने आखलं. बाबा खुर्चीत, काठी आडवी मांडीवर, समोर तीस जण माना खाली घालून. आधी सगळ्यांनी माफी मागितली. खांबाने तर दोनदा.

‘पुरे,’ बाबा म्हणाले. ‘चला, लाइनीत.’

आणि मग असं रगडलं! ‘घाई कसली? गाडी सुटतेय?’ ‘ए चिमणे, तोंड मिट, पाय बोलू दे!’ ‘खांद्याने नाही चालायचं, बाळा, खांदा नुसता सोबत असतो.’ घसरणारे शब्द कोणालाच अडवत नव्हते, सगळे कान देऊन ऐकत होते. आठ महिन्यांत एवढं बोललेले मी ऐकले नव्हते. आई जिन्यात उभी होती, पदर तोंडाला लावून.

शेवटी बाबा स्वतः उठले. खडूच्या या रेघेपासून त्या रेघेपर्यंत. मी घड्याळ धरलं. एकतीस सेकंद.

‘किती?’

‘एकतीस.’

‘आणि ते देतात चौदा,’ बाबा म्हणाले. ‘म्हणजे निम्मा मी अलीकडे, निम्मा गाडीखाली.’ सगळे हसले.

जाताना म्हणाले, पुढच्या वेळी मीही येणार.

६ फेब्रुवारी

आई — ‘मुळीच नाही.’

७ फेब्रुवारी

आई — ‘मुळीच नाही म्हणजे नाही.’

८ फेब्रुवारी

सरांकडे गेले. सरांनी नवा तक्ता बघितला, चष्मा काढून पुसला, परत बघितला. ‘यावर सही कोणाची?’ विचारलं. मी म्हटलं, ‘माझी.’ म्हणाले, ‘एकटीची?’ घरी येऊन बाबांना सही करायला लावली. डाव्या हाताने वेडीवाकडी केली. बत्तीस वर्षं लोकांच्या सह्या घेतल्या, म्हणाले, आता बघा.

सरांनी हवालदाराच्या साहेबांना पत्रही दिलंय. परवानगी नाही आली. नकारही नाही आला.

१० फेब्रुवारी

आई तयार झाली. अट — ती शेजारी चालणार. ‘काही झालं तर दोघं एकदमच जाऊ,’ म्हणाली, आणि मग बाबांवरच खेकसली, ‘आणि तो इस्त्रीचा शर्ट घाला, गबाळे दिसू नका!’

मला माहितेय बाबा का जाताहेत. आम्हाला मार्क मिळावेत म्हणून नाही. दुकान पलीकडून दहा पावलांवर आहे.

१३ फेब्रुवारी

हिरवा माणूस पेटला. बाबांनी काठी पुढे टेकवली, आई उजवीकडे, मी मागे, आणि आजूबाजूला तीस जण तीच चाल चालत. मी कोणालाही ‘डावा’ म्हटलं नाही. गरजच नव्हती. रस्ताभर सगळे आपापल्या पायाला विचारत होते, झालं का, झालं का. चौदाला लाल. बाबा दुभाजकाच्या अलीकडे. हॉर्न सुरू. एक टेम्पो अगदी वीतभर पुढे सरकला. बाबांची मान वर झाली, पाय अडकला. झालं का? नाही झालं. झालं का? पाय येईचना!

तेवढ्यात हवालदार पोट सावरत रस्त्यात उतरला, टेम्पोसमोर हात उभा केला आणि शिट्टी अशी वाजवली की सगळे गार. मग बाबांकडे न बघता म्हणाला, ‘चला साहेब. सावकाश. मी आहे.’

पाय आला. आम्ही पोचलो. फुटपाथवरचे लोक टाळ्या वाजवत होते, चिमणी हमसून रडत होती.

बाबांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते दुकानाकडे बघत होते. दहा पावलं. बाइंडर काका दारात स्टुलावर, मांडीवर कागदांचा गठ्ठा, तोंड सरळ आमच्याकडे. एवढा गोंधळ, एवढ्या टाळ्या — आणि चेहऱ्यावर काही नाही! भिंतीकडे बघावं तसे बघत होते. बाबा उभे राहिले. एक मिनिट तरी. त्यांना वाटलं असेल, हा उठेल. मलाही वाटलं. काका उठले नाहीत. खाली मान घालून सुई ओवायला लागले.

‘चल घरी,’ बाबा म्हणाले.

परत येताना हवालदाराने पुन्हा गाड्या अडवल्या. बाबांना चाळीस सेकंद लागले.

१४ फेब्रुवारी

त्या माणसाचा इतका राग आलाय की वहीचं पान फाटेल. तीस वर्षं! बाबांनी खिडकीतली खुर्ची उचलून आत भिंतीपाशी ठेवायला लावली.

२३ फेब्रुवारी

सिग्नलचे साहेब आले. हातात स्टॉपवॉच, मागे हवालदार. तासभर उभं राहून म्हाताऱ्यांचे, लेकुरवाळ्यांचे सेकंद मोजले. हवालदार मला हळूच म्हणाला, ‘माझ्या आईला मी सुट्टीच्या दिवशी हात धरून नेतो इथून. बाकीचे दिवस ती घरातच. साहेबांना मीच सांगितलं.’ मी ह्याला मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती!

१ मार्च

बत्तीस!!! आजपासून हिरवा माणूस बत्तीस सेकंद चालतो! हवालदार स्वतः जिना चढून सांगायला आला. बाबा म्हणाले, ‘मला एकतीसच लागतात. एक जास्त कशाला?’ तो म्हणाला, ‘असू द्या, घाम पुसायला.’ आईने त्याला चहा पाजला, दोनदा.

कॉलेजात सरांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. खांबाने मला खांद्यावर घेतलं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. टेंगूळ आलंय. खुशीत आहे मी.

घरी आले तर बाबा भिंतीकडच्या खुर्चीत. ‘कधी जायचं रस्ता ओलांडायला?’ विचारलं. ‘कोणाकडे?’ म्हणाले.

४ मार्च

तीन दिवस हिरवा माणूस फुकट चालतोय. बाबा घराबाहेर पडलेले नाहीत.

आज माझा पारा चढला. म्हटलं, ‘तोंडावर विचारणार होतात ना? मग विचारा की! भांडा, शिव्या द्या, काय वाटेल ते करा, पण असं तोंड पाडून बसू नका! मी अख्खा रस्ता लांबवून आणला तुमच्यासाठी!’ आई म्हणाली, अगं, हळू. बाबा म्हणाले, ‘आणि तो परत तसाच बसून राहिला तर?’

इतका बारीक आवाज होता तो. माझे बाबा घाबरलेत, हे मला आजपर्यंत कळलंच नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्याशी बसले आणि म्हटलं, मग आपण दोघं परत येऊ. त्यांनी नुसता माझ्या टेंगळावर हात ठेवला.

५ मार्च

गेले. एकटे, एकतीस सेकंदांत. मी दहा पावलं मागे होते, त्यांना कळू न देता.

बाबा काकांच्या अगदी समोर उभे राहिले, हातभर अंतरावर. बोलले नाहीत — आधी त्याने बोलायचं, असं ठरवून गेले होते. काकांनी मान वर केली. बोटं कागदावरून दोरा शोधत होती. म्हणाले, ‘या, बसा. कोण आपण? पाऊल ओळखीचं नाही. माफ करा, मला दिसत नाही आता. गिऱ्हाइकांना सांगत नाही, काम जाईल. कोणाला बोलू नका.’

बाबांची काठी खाली पडली. काका दचकले आणि मदतीला हात पुढे केला, भलत्याच बाजूला.

बाबांनी तो हात धरला. आणि त्या जाड, घसरत्या आवाजात म्हणाले, ‘टपाल.’